वरच्या बिजागरीचा तिसरा स्क्रू

सहादेव मोहित्यांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल जगावर त्यांचा राग असा काही नव्हता. काशीमीऱ्याच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. एवढ्या काळात त्यांच्या स्टोअरमधला एक वॉशर कधी कमी भरला नाही. सुटीचा भोंगा झाला की गेटवर कामगारांचे जेवणाचे डबे उघडून बघायची पद्धत तिथे त्यांनीच पाडली. लोक पाठीमागे काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. म्हणणाऱ्यांची यादीही त्यांच्याकडे होती.

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी बागेत जाऊन मोठ्याने हसतात, गावाकडे घर बांधतात. मोहित्यांनी जेसल पार्कमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटचं स्टोअर केलं. दुधाची पिशवी हातावर तोलल्याशिवाय आत येत नसे. इस्त्रीचे शर्ट बटणं मोजूनच कपाटात जात. हिंगाच्या डबीवरसुद्धा उघडल्याची तारीख होती. वैजयंताबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी हिशोब केला होता की नवरा पीत नाही, मारत नाही, तेव्हा मोजू दे बापड्याला काय मोजायचं ते.

तर एका मंगळवारी सकाळी दूध घ्यायला मोहित्यांनी बाहेरचा जाळीचा दरवाजा ढकलला आणि तो खरखरला. सगळी बिल्डिंग ज्याला सेफ्टी डोअर म्हणते तो हा दरवाजा चौदा वर्षं मुकाट्याने उघडत आणि मिटत आला होता. मोहित्यांनी तो पुन्हा ढकलला. पुन्हा खर्रर्र. त्यांनी चष्मा बदलला, टॉर्च आणली आणि बिजागऱ्या तपासायला घेतल्या. खालची ठीक होती. मधली ठीक होती. वरच्या बिजागरीला भोकं तीन होती आणि स्क्रू दोन होते.

साध्या माणसाला वाटलं असतं, पडला असेल. मोहित्यांचं तसं नव्हतं. पडलेली वस्तू खाली असते. दारातल्या काथ्याच्या जाडजूड पायपुसण्यावर गुडघे टेकून त्यांनी अख्खा पॅसेज डोळ्यांखालून घातला. खाली काही नव्हतं. म्हणजे स्क्रू पडलेला नव्हता. पडला नाही म्हणजे कोणीतरी नेला, आणि नेला म्हणजे नेणाऱ्याचा काहीतरी हेतू असणार. आज एक नेला, उद्या दुसरा नेईल, परवा दरवाजाच हातात घेऊन चालू लागेल.

वैजयंताबाई हात पुसत बाहेर आल्या. "अहो, मी काय म्हणते, काल मी ते..."

"पुढे येऊ नकोस," मोहिते म्हणाले, "पुरावा आहे."

चहा निवायच्या आत डायरीचं नवं पान उघडलं गेलं होतं. जिना झाडणारी बाई, कुरिअरवाला, गेल्या आठवड्यात चुकून तिसऱ्या मजल्यावर आलेला गॅसवाला. पहिलं नाव मात्र समोरच्या दारातल्या हरिश्चंद्र परुळेकरांचं. परुळेकर बँकेतून निवृत्त होऊन गिरगावातून इथे आलेले, गप्पिष्ट आणि परोपकारी. परोपकारी माणसांबद्दल मोहित्यांचं मत मुळातच वाईट होतं. शिवाय महिन्यापूर्वी परुळेकरांनी बारा तोंडांचा स्क्रूड्रायव्हर मागवला होता आणि तो सगळ्या मजल्याला हातात देऊन दाखवला होता. बारा तोंडांचा स्क्रूड्रायव्हर बाळगणारा माणूस तो कुठेतरी चालवणारच, असा मोहित्यांचा तर्क होता.

खरखर ऐकून परुळेकर स्वतःच बाहेर आले आणि न विचारता सल्ला देऊ लागले. आधी भोकात काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, मग दीड इंची आठ नंबर पिळायचा, दरवाजा पुन्हा चौदा वर्षं हू की चू करणार नाही. मोहित्यांनी मान डोलावली आणि आत येऊन डायरीत लिहिलं: भोकाकडे न बघता माप सांगितलं. कसं?

दुपारी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरी संपदाबाईंना अर्ज दिला. संपदाबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि आलेला कोणताही अर्ज त्या अजून लाल पेनानेच वाचत. अर्जात मागण्या तीन होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासावं. कॅमेरा बंद असल्यास तो चोवीस तासांत दुरुस्त व्हावा, कारण बंद कॅमेरा हा चोराला दिलेला पासच असतो. आणि चोर जो कोणी निघेल त्याचं नाव येत्या रविवारच्या सभेत सगळ्यांसमोर घ्यावं. संपदाबाईंनी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि अर्ज ठेवून घेतला. खाली वॉचमन शिवाने मात्र मोहित्यांना सांगितलं की कॅमेरा गणपतीपासून बंद आहे आणि तो इतक्यात कोणी दुरुस्त करेल असं वाटत नाही. मोहिते कडवट हसले. सोसायटीकडून त्यांची अपेक्षा तेवढीच होती.

संध्याकाळी ते नाक्यावरच्या रोशनभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. एकतीस वर्षं स्क्रूंमध्ये काढलेला माणूस एक स्क्रू घ्यायला निघाला, म्हणजे तसं बघता घरचंच काम. पण रोशनभाईंनी विचारायला सुरुवात केली. लाकडात जाणार की भिंतीत? आठ नंबर, दहा नंबर? डोकं चपटं की गोल? डोक्यावर फुली की नुसती चीर? आटे पूर्ण हवेत की अर्धे? पितळी, लोखंडी, की स्टील? परुळेकरांनी सांगितलेलं माप संशयिताचं होतं, ते मोहित्यांना बोलून दाखवायचं नव्हतं. मोहित्यांच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये स्क्रू होते, हजारोंनी होते, पण तिथे स्क्रूला नंबर नव्हता की डोकं नव्हतं. खण क्रमांक बी-चारशे सतरा. चिठ्ठी आली की त्या खणातून तेवढे नग मोजून द्यायचे. स्क्रूकडे स्क्रू म्हणून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मोहित्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये अंतर धरून दाखवलं, मग ते थोडं कमी केलं.

"अंकल, ऐसे उँगली पे नहीं मिलता," रोशनभाई समजुतीने म्हणाले. "सँपल लेके आओ."

सँपल म्हणजे नमुना, आणि नमुना म्हणजे आपल्याच दारावर उरलेल्या स्क्रूंतला एक. तो कुठल्याही बिजागरीचा काढला तरी दरवाजा आणखी लंगडा होणार. शिवाय चौकशी व्हायच्या आधी पुराव्याला हात लावायचा, हे तर मोहित्यांच्या तत्त्वातच बसत नव्हतं. बुधवारी जेवण झाल्यावर ते जाळीतून बाहेर बघत याच विचारात बसले होते. समोर परुळेकरांचा दरवाजा होता. एकाच बिल्डरने एकाच आठवड्यात बसवलेला, तोच रंग, त्याच बिजागऱ्या, तेच स्क्रू. परुळेकर बायकोला, म्हणजे शैलाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन बोरिवलीला गेले होते आणि पाचच्या आत येणार नव्हते.

चोरी करणं मोहित्यांच्या रक्तातच नव्हतं, त्यामुळे आपण करतोय ते काय आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. स्टोअरच्या भाषेत ही तात्पुरती उचल होती. स्क्रू न्यायचा, रोशनभाईंना दाखवायचा, आणून जागच्या जागी लावायचा. अर्ध्या तासाचं काम. त्यांनी रीतसर चिठ्ठीसुद्धा लिहिली: "स्क्रू, नग एक. परुळेकर यांच्या दारावरून, नमुन्यापुरता. परत करणे आहे." खाली सही, तारीख, वेळ. चिठ्ठी त्यांनी स्वतःच्याच खिशात ठेवली, कारण ती द्यायची कोणाला, परुळेकर तर बोरिवलीला. त्याआधी इंटरकॉमवरून त्यांनी शिवाला सांगितलं की गच्चीवर जा आणि टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का बघून ये. हे ते आठवड्यातून तीनदा सांगत. त्या दिवशी मुद्दाम सांगितलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेळ मात्र जुळून आली.

स्क्रू निघाला. डोक्याच्या चिरेत हिरव्या रंगाचा ठिपका होता. मोहित्यांनी तो रुमालात बांधून दुकानात नेला आणि काउंटरवर ठेवला. रोशनभाईंनी ताडून बघायला एक खोका वर्तमानपत्रावर उपडा केला. स्क्रूंचा हा ढीग. तेवढ्यात एका बाईंना नळाचा वॉशर हवा होता, घाईत हवा होता, कारण त्यांच्या घरी पाणी आलं होतं आणि मीरा-भाईंदरमध्ये आलेलं पाणी वाया जाताना बघणं हे कोणाच्याच काळजाला झेपत नाही. रोशनभाईंनी जागा करायला कागदाची दोन टोकं धरली आणि सगळा ढीग सर्रकन परत खोक्यात ओतला. परुळेकरांच्या स्क्रूसकट.

मोहित्यांना घाम फुटला. त्यांनी खोका पुन्हा उपडा करायला लावला. दोघं वाकून हिरवा ठिपका शोधू लागले. वीस मिनिटं शोधला. रोशनभाईंचं म्हणणं, सगळे सारखेच आहेत, कुठलाही न्या. मोहित्यांना आता दिसू लागलं की जुना स्क्रू, जुन्या काळचा अस्सल माल, हा माणूस हातोहात बदलतोय आणि आजकालचा पत्रा गळ्यात मारतोय. वॉशरवाल्या बाईही यात सामील असाव्यात. पण तसं बोलून दाखवायचं तर तो स्क्रू कुठून आणला हेही सांगावं लागलं असतं. शेवटी दोन प्रकारचे मिळून पाच स्क्रू घेऊन ते परतले.

परुळेकरांच्या भोकात पहिल्या प्रकारचा स्क्रू नुसता गोलगोल फिरत राहिला. दुसऱ्या प्रकारचा तीन वेढे आत गेला आणि अडला. ना पुढे, ना मागे. मोहित्यांनी खांदा लावून जोर केला तसं स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं. आणि त्याच क्षणी खाली लिफ्टचा दरवाजा वाजला. लिफ्ट कोणासाठी आहे हे बघत बसायला मोहिते काही परुळेकर नव्हते. ते घरात आले, कडी लावली आणि उताणे पडून राहिले. समोरच्या दारावर एक चकचकीत स्क्रू अर्धा बाहेर डोकावत राहिला.

त्या स्क्रूने संध्याकाळी शैलाबाईंचा पदर फाडला.

पुढचं मोहित्यांनी जाळीआडून ऐकलं. शैलाबाई साडीसाठी हळहळत होत्या, परुळेकर टॉर्च घेऊन बिजागरी बघत होते. मग परुळेकरांचा आवाज एकदम बदलला. जुना स्क्रू काढून कोणीतरी दुसराच लावलाय, तोही अर्धवट. ते तडक पॅसेज ओलांडून मोहित्यांच्या दारात आले आणि त्यांनी मोहित्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मोहिते, तुमच्या स्क्रूवरून मी मनात हसलो होतो हो. माफ करा. तुमचं खरं होतं." मोहित्यांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी सांगत होतं की तुमचा संशय खरा होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. ए विंगमधल्या कोणीतरी लिहिलं की चोरांच्या टोळ्या आधी घरं हेरतात आणि खूण म्हणून चकचकीत स्क्रू लावून जातात. हे त्याला कोणी सांगितलं असं कोणी विचारलं नाही. दुपारपर्यंत बावीस दारं तपासून झाली होती आणि त्यातल्या नऊ दारांवर एखाददुसरा स्क्रू कमी निघाला होता. बिल्डरने ते मुळातच लावले नसतील, ही शक्यता एकाच्याही डोक्यात आली नाही. चौदा वर्षांत आपल्या दाराचे स्क्रू मोजलेला माणूस बिल्डिंगमध्ये नव्हता, आणि जो एक मोजण्यासारखा होता तो गप्प होता.

चोर ठरवायचा तर कोणीतरी माणूस लागतो. बुधवारी दोनच्या सुमाराला शिवा खुर्चीवर नव्हता, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. तिथून सगळं सोपं झालं. गेटवर नसलेला वॉचमन एक तर सामील असतो, नाहीतर झोपलेला असतो, आणि दोन्हींवर उपाय एकच. रविवारच्या सभेत शिवाला काढायचा ठराव मांडायचं नक्की झालं. शिवा सहा वर्षं त्या गेटवर होता. जिन्याखालच्या खोलीत त्याचा संसार होता, मुलगी इथल्याच शाळेत जात होती. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती.

शुक्रवारी संपदाबाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं आणि तक्रार मुळात मोहित्यांची म्हणून त्यांनाही बोलावलं. शिवा सांगत होता की मी गच्चीवर गेलो होतो, टाकीचं कुलूप बघायला, मोहिते अंकलने भेजा था. संपदाबाईंनी चष्म्यावरून मोहित्यांकडे बघितलं.

"मोहिते, तुम्ही याला पाठवलं होतं?"

हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, की कशासाठी, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होता. "आठवत नाही," मोहिते म्हणाले.

शिवाने मोहित्यांकडे बघितलं, आणि कारखान्याच्या गेटवर उघड्या डब्यांमागून किती माणसं आपल्याकडे असं बघत होती ते मोहित्यांना आत्ता आठवलं. संपदाबाईंनी लाल पेनाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मोहिते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूध तोललं नाही.

मोहित्यांच्या घरी शनिवारी संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून दोघं मिळून वंदना म्हणत. मंडणगडला वडिलांनी घालून दिलेली ही शिस्त त्यांनी शहरात येऊनही मोडली नव्हती. त्या शनिवारीही दोघं बसले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं शील झालं. दुसरं आलं. अदिन्नादाना. जे दिलेलं नाही ते घेण्यापासून मी दूर राहीन. मोहित्यांचा आवाज बंद झाला. वैजयंताबाईंनी एकटीनेच ते शील पुरं केलं, तिसरं म्हटलं, चौथं म्हटलं, जे खोटं बोलण्याबद्दल आहे, आणि शेवटी न राहवून नवऱ्याकडे वळून बघितलं. मोहित्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठीही दाखवली. वैजयंताबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली. "शिवाच्या पोरीला मी पुस्तकांना कव्हरं घालून दिलीत," एवढंच त्या बोलल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मोहित्यांना वाटलं.

निदान परुळेकरांना जुन्या मापाचा स्क्रू द्यावा म्हणून त्यांनी पलंगाखालची आपली पत्र्याची पेटी ओढली. त्यात निवृत्तीचं प्रशस्तिपत्र होतं, जुन्या किल्ल्या होत्या, आणि तळाशी खाकी कागदाची एक छोटी पुडी होती. पुडीला लाखेचं सील होतं. त्यावर मोहित्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: "नमुना. जाळीचा दरवाजा, वरची बिजागरी, तिसरा स्क्रू." खाली फ्लॅटचा ताबा घेतल्याची तारीख आणि सही.

मोहिते मटकन पलंगावर बसले. स्टोअरची पद्धतच होती ती. आलेल्या प्रत्येक मालातला एक नग सीलबंद करून ठेवायचा, म्हणजे पुढे वाद झाला तर ताडून बघता येतो. चौदा वर्षांपूर्वी बिल्डरवर संशय होता म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने तो स्क्रू काढला होता, पुडीत बांधला होता, आणि चोख काम केल्याच्या समाधानात विसरून गेले होते.

"पण मग," ते म्हणाले, "चौदा वर्षं दोन स्क्रूंवर गप्प होता तो दरवाजा. परवाच कसा घासायला लागला?"

"सोमवारी नवं पायपुसणं आणलं मी," वैजयंताबाई म्हणाल्या. "जाड आहे. दार त्याला घासतं. मंगळवारी तेच सांगायला आले होते, तर म्हणालात, पुढे येऊ नकोस."

रविवारी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळ्यांत मागे, मोटारसायकलींजवळ, शिवा गणवेशाची सगळी बटणं लावून उभा होता. कॅमेरा बंद आहे, पाहणारं कोणी नव्हतं, पुडीतला स्क्रू गुपचूप दारावर लावला तर आपलं नाव आयुष्यात कधी निघणार नाही, हे मोहित्यांना पक्कं माहीत होतं. रात्रभर त्यांनी तेच मोजलं होतं. ठरावाचं वाचन सुरू झालं आणि "वॉचमन शिवा याने" एवढे शब्द आले तसे ते उठले.

"वॉचमनचं नाव खोडा," ते म्हणाले. "स्क्रू मी काढला."

लोकांना आधी ते समजलंच नाही. मोहित्यांनी पुढे येऊन टेबलावर चिठ्ठी ठेवली, तिच्याशेजारी लाखेची पुडी ठेवली, आणि स्टॉक तपासणीचा अहवाल वाचावा तसं एकेक करून सांगितलं. माझ्या दाराचा स्क्रू माझ्याच घरात होता. परुळेकरांच्या दाराचा मी नेला, रोशनभाईंच्या खोक्यात घालवला, आणि चुकीचा लावून पळालो. शैलावहिनींचा पदर माझ्यामुळे फाटला. शिवाला गच्चीवर मीच पाठवलं होतं. इथे त्यांनी मागे शिवाकडे बघितलं. "आणि मला ते आठवत होतं," ते म्हणाले.

 संपदाबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा मंगळवारी संध्याकाळीच दुरुस्त झालाय. मोहित्यांचा अर्ज होता, चोवीस तासांची मुदत होती, आणि आलेल्या अर्जावर काम करायची त्यांना शाळेपासूनची सवय होती. बुधवारचं सगळं त्यांनी बुधवारीच पाहिलं होतं. शिवाला काढायचा प्रश्नच नव्हता. "वर्गात खडू कोणी फेकला ते बाईंना माहीत असतं," त्या म्हणाल्या. "मुलगा स्वतः उठतो का, ते बघायचं असतं. तुम्ही शुक्रवारी उठला नाहीत. आज उठलात. उशीर झाला, पण उठलात."

एवढ्यावर भागलं असतं, पण सभासदांना रेकॉर्डिंग बघायचं होतं. बावीस घरांची माणसं एका फोनवर वाकली. पडद्यावर मोहिते दाराबाहेर आले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं, आणि मग परुळेकरांच्या भिंतीला कागद टेकवून शांतपणे चिठ्ठी लिहू लागले. सही करून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वेळ घातली. त्यानंतर स्क्रू काढला. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. शिवा हसला नाही. परुळेकर तर डोळे पुसत होते. त्यांनी टेबलावरची पुडी उचलली, लाख फोडली, आत डोकावून बघितलं आणि म्हणाले की मोहिते, हा माझ्या दाराला लावतो, तुमचं दार काय, दोनावरही चालतं. मोहित्यांनी मान हलवली. मग परुळेकरांनीच उभं राहून एक ठराव मांडला. इमारतीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी गेटवर उघडून बघावी, ही मोहित्यांची दोन वर्षं पडून असलेली सूचना आजपासून अमलात आणावी. ठराव एकमताने पास झाला. मोहित्यांनीही हात वर केला.

त्यानंतर ते मागे मोटारसायकलींजवळ गेले. शिवापुढे काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी नुसते हात जोडले. शिवाने ते घाईघाईने खाली केले आणि इकडेतिकडे बघत राहिला.

सोमवारी सकाळी वैजयंताबाईंनी पायपुसणं गुंडाळून पिशवीत कोंबलं आणि बदलून आणायला सांगितलं. मोहित्यांनी रोशनभाईंचे न लागलेले चार स्क्रूही कागदात बांधून त्याच पिशवीत टाकले. समोरच्या दारात परुळेकर बाहेर पडत होते. त्यांनी कुलूप लावलं, वरच्या बिजागरीवर बोट ठेवून एक, दोन, तीन असे स्क्रू मोजले, आणि मोहित्यांकडे बघून ओशाळं हसले. मोहिते जिन्याने खाली उतरले.

गेटवर शिवा खुर्चीवरून उठला. त्याने सलाम केला, मग मान खाली घातली.

"अंकल, वो... थैली."

मोहित्यांनी पिशवी टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी उघडी धरली. कान तापल्याचं त्यांना जाणवत होतं. शिवाने वरवर बघून पुरे म्हटलं, पण मोहित्यांनी पायपुसणं स्वतःच बाजूला केलं. "तळाशी बघ," ते म्हणाले. "माल तळाशी असतो."

तळाशी पुडी होती आणि पुडीत चार चकचकीत स्क्रू होते.  मग शिवाने नवं रजिस्टर ओढलं, नाव लिहिलं, फ्लॅट नंबर लिहिला, स्क्रू चार नग असं लिहिलं, आणि रजिस्टर सहीसाठी फिरवलं. मोहित्यांनी नोंद वाचली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं, कारण नोंदीत चूक होती.

"माप लिहिलं नाहीस," ते म्हणाले. "स्क्रूची नोंद मापाशिवाय करायची नसते."

शिवाने पेन उचललं. "बोलो अंकल, कौनसा साइज़?"

मोहित्यांनी तोंड उघडलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये थोडं अंतर धरलं, मग ते थोडं कमी केलं. मागे ऑफिसला निघालेली दोन माणसं पिशव्या उघडून ताटकळत होती. शेवटी त्यांनी पुडीतला एक स्क्रू काढला आणि रजिस्टरच्या पानावर ठेवला.

"नमुना सोबत जोड," ते म्हणाले, आणि सही केली.